दोरी धरून आलेली समिती

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. केस कापायचं दुकान आहे माझं, बायकांचं आणि मुलांचं. एका हाताला ड्रायर घोंघावत असताना गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे आवाज चढवावाच लागतो, आणि एकदा चढला की घरी गेल्यावरही उतरत नाही. नवरा म्हणतो, हिचं बोलणं शेजारच्या घरात बसून जास्त स्वच्छ ऐकू येतं. त्याला काय जातंय बोलायला! वीजदुरुस्तीची कामं करतो, दिवसभर भिंतींशी बोलतो, भिंती काही उलट उत्तर देत नाहीत.

तर त्या दुपारी मी एका बाईंच्या डोक्याला रंग लावत होते आणि माझी लेक धापा टाकत दुकानात शिरली. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी उभी असलेली ती आजवर कोणाला दिसलेली नाही.

"आई, आपली शाळा एकत्र होणारे!"

"एकत्र होणारे म्हणजे? आत्ता काय तिच्या तुकड्या पडल्यात?"

"फाटकावर कागद लावलाय. मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जायचं म्हणे आम्ही."

मी ब्रश हातात घेऊनच निघाले. माझ्यामागून त्या बाई, अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं, गळ्यात टॉवेल. त्यांचा नातू त्याच शाळेत. फाटकावर खरंच शिक्षण मंडळाची नोटीस होती. पटसंख्या कमी असल्यामुळे शाळेचे एकत्रीकरण विचाराधीन आहे, नागरिकांनी जनसुनावणीत येऊन आपल्या हरकती व सूचना मांडाव्यात. बंद करणार असं लिहायला यांचा हात जड होतो, म्हणून एकत्रीकरण. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शाळा गल्लीच्या तोंडाशी, घरातून हाक मारली तर वर्गात ऐकू जाईल एवढी जवळ. म्हणजे माझी हाक. इतरांचं माहीत नाही.

पण खरं सांगू? मला राग आला तो शाळेसाठी कमी आणि अण्णांसाठी जास्त.

अण्णा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर शहराची बस चालवली. निवृत्त झाले, आणि दोन वर्षांतच सासूबाई गेल्या. त्या होत्या तेव्हा आमच्या घरात रोज सकाळी भांडण असायचं. टॉवेल कोणी ओला केला, रेडिओ कोणी बंद केला, खिडकी उघडी ठेवायची की लावायची. सासूबाई एका बाजूला, मी एका बाजूला, आणि अण्णा कधी हिच्या तर कधी तिच्या बाजूने, मजा बघत. त्या गेल्या आणि अण्णा खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले ते बसलेच. जेवण सांगितलं तर जेवायचे. दाढी आठवण केली तर. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे, मन कशात लागत नाही. मग आम्ही घरात सगळे हळू बोलायला लागलो. मीसुद्धा! अण्णांशी तर मी इतकी हळू बोलायचे की दुकानातल्या बायकांनी ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, ही कोण बाई?

मग एकदा मला ताप आला आणि भिंगरीला शाळेत सोडायला अण्णा गेले. दुसऱ्या दिवशी शेजारचं एक पोर बरोबर आलं. मग आणखी दोन. पोरं इकडेतिकडे पळतात म्हणून अण्णांनी एक जाड दोरी आणली, हातभर अंतरावर गाठी मारल्या. एका गाठीला एक मूल. पुढे अण्णा, मागे गाठी. बसचेच नियम! सगळे चढल्याशिवाय बस हलत नाही, चालू बसमधून हात काढायचा नाही, मागच्याला सोडून पुढे जायचं नाही. बघता बघता सगळी गल्ली दोरीला लागली. अण्णा रोज दाढी करायला लागले. शर्टाला इस्त्री. खिडकीतली खुर्ची रिकामी दिसली की माझ्या जिवाला बरं वाटायचं.

आता शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे गेली तर? तो रस्ता म्हणजे ट्रक, टँकर, लांबच्या बसगाड्या. तिथून रोज दोनदा एवढी पोरं नेणं त्यांच्या वयाला झेपणार होतं का? आयाबाया आपापल्या स्कूटरवरून सोडतील पोरांना. दोरी सुटली की अण्णा पुन्हा खिडकीत. मला तर ती खुर्ची डोळ्यांसमोर यायला लागली. तिथेच फाटकापाशी ब्रश उगारून मी ठरवलं, ही शाळा मी हलू देणार नाही. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे, पण आधी माझं उरलेलं डोकं करा."

दुसऱ्या दिवसापासून दुकान म्हणजे कचेरी झाली. जो केस कापायला येईल त्याला सुनावणीला यायचंच असं मी बजावायचे. माझ्या हातात कात्री असताना सहसा कोणी नाही म्हणत नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई बिचाऱ्या नोकरीमुळे उघड बोलू शकत नव्हत्या. त्या येऊन खुर्चीत बसायच्या, केस एवढेसेच वाढलेले असायचे, आणि आरशात बघत म्हणायच्या, "मी काही म्हणत नाहीये हं, पण तुम्ही हे नक्की विचारा..." एवढ्या वेळा आल्या की शेवटी कापायला केसच उरले नाहीत.

अण्णांना मी काही बोलले नाही. उगाच मनाला लागेल. रात्री जेवताना एकदा त्यांनी विचारलं, "काय गं, शाळेचं काय चाललंय?" मी हळूच म्हटलं, "काही नाही अण्णा, तुम्ही काळजी करू नका." त्यांनी ताट पुढे ओढलं.

सुनावणी शाळेच्याच हॉलमध्ये झाली. पुढे टेबलापाशी समिती. मधे अध्यक्षबाई, शांत, चष्म्याआडून बघणाऱ्या. त्यांच्या शेजारी एक साहेब, पुढ्यात भलामोठा नकाशा पसरलेला. आम्ही मागच्या रांगेत लगेच त्यांचं नाव नकाशासाहेब ठेवलं. आणि टेबलावर एक घंटी. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी.

आता आमच्या लोकांना जन्मात कोणी काही विचारलेलं नव्हतं. एकदम विचारलं म्हटल्यावर सगळंच बाहेर आलं! पहिले उठले ते नळाला पाणी कमी येतं यावर बोलले. दुसऱ्यांनी रस्त्यावरचे दिवे काढले. गॅरेजवाल्याने दोन मिनिटं स्वतःची ओळखच करून दिली आणि शाळा हा शब्द तोंडातून निघायच्या आत घंटी वाजली. बेकरीवाली उठली, सगळ्यांकडे बघितलं, रडायला लागली आणि बसली. अध्यक्षबाई सगळं लिहून घेत होत्या, अगदी नळाचंसुद्धा. मला वाटलं, आता डोकं आपटून घ्यावं. एवढं पढवलं होतं एकेकाला!

मग नकाशासाहेब उठले. बोलायला सज्जन होते, उगाच खोटं कशाला सांगू. त्यांनी नकाशावर पेन्सिल फिरवली. "हे बघा, इथून तिथपर्यंत. लहान मुलाच्या चालीने बारा मिनिटं. नियमात बसतं. आणि तिकडे प्रयोगशाळा आहे, वाचनालय आहे, प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक आहेत. इथे दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात."

"कागदावर चालायला काय लागतं हो!" मी बसल्या जागेवरूनच ओरडले. "पेन्सिलीला ट्रक उडवत नाही!"

"आपला क्रमांक आला की बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तो येईपर्यंत मी फुटेन! साहेब, तुम्ही हा रस्ता पायी चाललात का कधी? पोरांबरोबर? आमची दोरी आहे, तिला बऱ्याच गाठी आहेत. या आणि एकेक गाठ धरा. अख्खी समिती या. मग सांगा आम्हाला बारा मिनिटं!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता घंटी वाजवतात. पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. गुरुवारी सकाळी येतो. तिकडची शाळा पाहू, परत इथेच येऊ, आणि उरलेली सुनावणी तेव्हा पूर्ण करू."

मी अशी घरी आले जशी काही शाळा खिशात घालूनच आणली.

आता यापुढचा जो घोळ आहे तो आमच्या गल्लीनेच घालावा. दुसऱ्या कोणाची ती प्राज्ञा नाही.

समिती येणार म्हटल्यावर बुधवारी संध्याकाळी मी गल्लीत फेरी मारली आणि माझं डोकं फिरलं. गॅरेजसमोर फुटपाथवर सगळ्या मोडक्या स्कूटर. भाजीच्या गाड्या आडव्या. गटाराचं झाकण महिनोन्महिने बाजूला पडलेलं. कोपऱ्यावर कचरा. एवढी मोठी माणसं पायी येणार आणि आपण हे दाखवणार? काय म्हणतील? मी जी तोंड सोडून सुटले! गॅरेजवाल्याला झापलं, भाजीवालीला झापलं, नवऱ्याला बंद पडलेल्या दिव्यांवर चढवलं. आणि लोकांनीही काय उत्साहाने केलं म्हणता! झाडलं, धुतलं, स्कूटर आत ओढल्या, झाकण चार जणांनी उचलून बसवलं. बेकरीवालीने दारात कुंड्या मांडल्या. आमची गल्ली इतकी सुंदर मी लग्न होऊन आले तेव्हाही नव्हती.

रात्री माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो वाहतूक पोलीस. म्हटलं, "उद्या तुझ्या चौकाजवळून मोठी माणसं जायची आहेत, पोरं पण आहेत, जरा लक्ष ठेव. कोणाला काही व्हायला नको."

"ताई, तू निर्धास्त राहा," तो म्हणाला.

निर्धास्त राहा म्हणे! तिथेच मला कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी दोरी निघाली. पुढे अण्णा, कडक इस्त्रीचा शर्ट. मग एक मूल, एक समितीचा माणूस, एक मूल, एक समितीचा माणूस. अध्यक्षबाईंच्या मागच्या गाठीला भिंगरी, आणि ती त्यांना नियम सांगतेय, "हात नाही काढायचा. नाक खाजलं तरी दुसऱ्या हाताने." नकाशासाहेबांच्या पुढे सगळ्यात लहान पोर होतं, त्याची बुटाची नाडी साहेबांनी स्वतः वाकून बांधली. आम्ही मोठी माणसं मागून.

गल्ली काय सुरेख चालता आली! फुटपाथ मोकळा, रस्ता कोरडा, वाटेत सगळे हात हलवतायत. मोठ्या रस्त्यापाशी पोचलो आणि बघते तर काय, माझा भाऊ पांढरे हातमोजे घालून रस्त्याच्या मधोमध उभा. एक हात इकडे, एक हात तिकडे. दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग थांबलेली, एकाचा हॉर्न नाही. त्याने ताईच्या पाहुण्यांसाठी अख्खा रस्ता अडवला होता! आणि आम्ही गेलो की हो, बागेत फिरल्यासारखे. शिवाय आम्ही जाताना त्याने मला सलाम ठोकला.

पलीकडच्या शाळेच्या फाटकात नकाशासाहेबांनी घड्याळ बघितलं. आनंदाने म्हणाले, "साडेअकरा मिनिटं! नाडी बांधली ते धरून!"

गॅरेजवाला माझ्याकडे बघतोय, भाजीवाली माझ्याकडे बघतेय. कोणी काही बोललं नाही, पण मला ऐकू येत होतं. कालपर्यंत मीच सांगत होते की रस्ता किती वाईट आहे ते दाखवायचंय, आणि मीच त्याला न्हाऊमाखू घालून उभा केला. इतकी बुद्धी कुठे गहाण टाकली होती कोण जाणे. नवरा हळूच म्हणाला, "रात्री दिवे मस्त लागले पण." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन माणसं सोडून मागे गेला.

त्यात ती शाळा चांगली निघाली. वाईट निघाली असती तर तेवढाच आधार होता. वाचनालयात पोरांच्या उंचीची कपाटं. प्रयोगशाळेत भिंगरीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पहिल्यांदा, माझ्या देखत, ती एका जागी उभी राहिली. इतका वेळ की मला वाटलं हिला काही झालं. वर डोकं करून म्हणाली, "आई, कांद्याच्या सालीत खोल्या आहेत!" हिला इथे यायला आवडणार, आणि अण्णा खिडकीत बसणार. एका घरात दोन वजनं आणि तराजू माझ्या हातात. अण्णा मागच्या बाकावर बसून वर्गाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून हसले, ते नुसते मान हलवून राहिले.

परत निघालो. आणि मोठ्या रस्त्याशी आलो तर भाऊ नाही. त्याची इथली पाळी संपली होती, तो दुसऱ्या चौकात गेला होता. रस्ता आता रोजचा, खराखुरा. टँकर, त्यामागे ट्रक, त्यामागे बस, मधून स्कूटरवाले सुया ओवल्यासारखे. धूळ अशी की अध्यक्षबाईंचा चष्मा दिसेना.

आम्ही उभे राहिलो. अण्णांनी हात वर केला की दोरी थांबते.

उभे राहिलो आणि उभेच राहिलो. मधे जरा मोकळं झालं, नकाशासाहेबांनी पाऊल टाकलं. पुढचं लहान पोर ओरडलं, "काका! गाठ!" साहेब गपकन मागे. अण्णा न वळता म्हणाले, "अर्धी दोरी पलीकडे आणि अर्धी इकडे, असं नाही करायचं. सगळे एकदम, नाहीतर कोणीच नाही." मग पुन्हा उभे. एका समितीवाल्यांना फोन आला, त्यांना तो घेता येईना, कारण एका हातात गाठ आणि दुसऱ्या हातात एका पोराने दिलेली पाण्याची बाटली. अध्यक्षबाई पहिल्यांदा हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. मग त्यांनी पुढच्या बैठकीची वेळ गेली असं कोणाला तरी सांगितलं, आणि मग त्यांनी भिंगरीचा हात घट्ट धरला, कारण एक ट्रक इतक्या जवळून गेला की आमच्या सगळ्यांचे कपडे फडफडले.

अण्णा एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते, परत पहिल्यावर. मला वाटलं, मनात कालवाकालव होत असणार. माझेच डोळे भरून आले.

शेवटी एक फट मिळाली आणि अण्णांनी बस सोडली. पलीकडे पोचलो तर गल्लीही रोजची झालेली. स्कूटर बाहेर, भाजीच्या गाड्या आडव्या. गॅरेजवाला कानाशी लागला, "वहिनी, मी गॅरेजातल्या पोराला फोन करून सगळं होतं तसं ठेवायला सांगितलं. फक्त ते झाकण तेवढं नाही उचललं त्याच्याने." पहिल्यांदाच त्या माणसाचा मला अभिमान वाटला.

शाळेच्या हॉलमध्ये समिती परत टेबलामागे बसली, पण आता केस विस्कटलेले, बूट धुळीने भरलेले. नकाशासाहेबांनी नकाशा उघडलाच नाही. म्हणाले, "परतीला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. सगळ्यांनी बघितलंय."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "दोरीच्या पुढे जे होते, त्यांचं ऐकायचंय मला."

अण्णा उठले. मला वाटलं, झालं, आता अण्णा बोलणार आणि शाळा वाचणार.

"तिकडची शाळा चांगली आहे," अण्णा म्हणाले. "मुलांना तिकडे न्या. इथे दोन बाई जीव तोडून शिकवतात, पण चार वर्ग एका खोलीत म्हणजे कोणाचंच धड होत नाही. फक्त पायी नेऊ नका. बस द्या. गल्लीच्या तोंडाशी बस वळते, मी वळवून दाखवतो. आणि अगदी छोटी आहेत त्यांचा वर्ग इथेच राहू द्या. एवढंच माझं म्हणणं."

मी ताडकन उठले. "अण्णा! अहो काय बोलताय? शाळा गेली तर तुमची दोरी गेली! मी हे सगळं कोणासाठी करतेय? तुमच्यासाठी!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"मला विचारलंस कधी?"

मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही निघालं नाही. मंडळाने आम्हाला न विचारता ठरवू नये म्हणून मी गल्ली डोक्यावर घेतली होती. आणि घरातल्या माणसाने जेवताना विचारलं, तेव्हा काळजी करू नका म्हणून मीच त्याचं तोंड बंद केलं होतं. मी खाली बसले. बेकरीवालीने माझ्या हातात रुमाल कोंबला.

मग मात्र सुनावणी झाली खरी. अध्यक्षबाईंनी शाळा बंद करू का हा प्रश्नच बाजूला ठेवला. त्यांनी विचारलं, "न्यायची झाली, तर आधी काय काय व्हायला हवं?" आणि आमची माणसं मुद्द्याचं बोलायला लागली! आमच्याच बाई पोरांबरोबर तिकडे आल्या पाहिजेत, असं भाजीवाली म्हणाली, तर मुख्याध्यापिका बाई आरशाशिवायच मोठ्याने म्हणाल्या, "मला आवडेल." गॅरेजवाल्याने बस गल्लीत कुठे थांबवायची ते सांगितलं आणि तीन मिनिटांच्या आत बसला. घंटी एकदाही वाजली नाही.

"बस सुरू होईपर्यंत ही शाळा हलणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "छोट्यांचा वर्ग इथेच. हे मी सगळ्यांसमोर बोलतेय, उद्या कोणी फिरवलं तर मला धरा. आणि बसमध्ये मुलांबरोबर एक मोठं माणूस लागेल."

अण्णांचा हात त्यांचं वाक्य संपायच्या आत वर गेला होता.

लोक पांगायला लागले. अण्णा बाकावर बसून गुडघा चोळत होते. मी जाऊन शेजारी बसले. इतकी हळू म्हणाले की मलाच जेमतेम ऐकू आलं, "सांगा अण्णा. मी ऐकतेय."

"गुडघे दुखतात गं. गेलं वर्षभर. रोज सकाळी वाटायचं, आज नको. पण मी दोरी घेतली की तू इतकी खूश व्हायचीस, म्हटलं चालेल. पोरं आवडतात मला. पण बसून आवडतात." मग गुडघा सोडून माझ्याकडे वळले. "आणि खरं सांगू? चालायला मी घराबाहेर पडायचो ते वेगळ्याच कारणाने. बाहेर तू सगळ्यांशी नीट बोलतेस. त्या गॅरेजवाल्याला काय झापतेस, भाजीवालीला, तुझ्या नवऱ्याला. येताजाता दुकानाबाहेर उभं राहून मी ऐकत असायचो. घरात आलो की तू माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी बोलतेस. ती गेली, आणि तिच्याबरोबर घरातला सगळा आवाजच गेला. मी अजून आहे ना गं. माझ्यावर कोणी ओरडतच नाही."

मग आतून जे उसळून आलं ते आलंच.

"वर्षभर?" मी म्हटलं. हॉलच्या दारापर्यंत गेलेली माणसं जागच्या जागी थांबली. "वर्षभर गुडघे दुखतायत आणि तोंड शिवून बसलात? डॉक्टर काय शोभेला आहेत? मी काय मेले होते? आणि त्या ट्रकांच्या तोंडासमोर तासभर एका पायावर उभे राहिलात, मी मागे उभी राहून डोळे पुसतेय, मला वाटतंय अण्णांना भरून आलंय, आणि तुमचा गुडघा! हट्टी ते हट्टी, वर शहाणपणा! उद्या सकाळी पहिल्यांदा दवाखाना. नाही म्हणून बघा!"

"नाही," अण्णा म्हणाले. चेहरा असा उजळला होता की सासूबाई असत्या तर त्यांनी दृष्ट काढली असती. "परवा जाऊ."

"परवा? कोणाला विचारून परवा?"

अध्यक्षबाई कागद गोळा करायच्या थांबल्या होत्या. नवरा दारात उभा राहून हसत होता, डोळे पुसत होता आणि दोन्ही कोणाला दिसत नाही असं त्याला वाटत होतं. माझ्याही गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंड चालूच होतं. खुर्ची, खिडकी, रेडिओ, ओला टॉवेल, दोन वर्षांचं जे जे साचलं होतं ते सगळं मी त्यांना सुनावलं, आणि ते प्रत्येक वाक्याला उलट उत्तर देत होते, तेसुद्धा माझ्याहून मोठ्या आवाजात.

"अगं, जरा श्वास तरी घे," अण्णा म्हणाले.

"घेत नाही!" मी म्हटलं आणि पुढचं सुरू केलं.